नवा सायलेन्सर बसत नाही? गॅस पेटवण्याआधी माप घ्या

मोटारीचा सायलेन्सर बदलणे हे तासाभराचे काम समजले जाते. जुना काढायचा, नवा टांगायचा, चार नट आवळायचे. परंतु गॅरेजमध्ये दिवसभर बसून पाहिले तर या कामावरून जितकी तोंडातोंडी होते तितकी इंजिन खोलण्यावरूनही होत नाही. मेकॅनिक म्हणतो, माल चुकीचा दिला. दुकानदार म्हणतो, माल बरोबर आहे, तुमच्या पोराला बसवता आला नाही. गिऱ्हाईक दोघांची तोंडे पाहत उभे राहते आणि तोवर कुणीतरी गॅस पेटवून पाइप कापलेला असतो. कापलेला सायलेन्सर दुकानदार परत घेत नाही. माल पुण्याच्या नाना पेठेतून मागवलेला असेल तर तिथला घाऊक व्यापारी त्याकडे पाहतसुद्धा नाही. नुकसान शेवटी कारागिराच्या अंगावर येते.

पुणे-हैदराबाद आणि विजापूर-धुळे हे दोन मोठे रस्ते सोलापुरातून जातात. होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड, पुणे नाका, कुठेही जा, मेकॅनिक, वेल्डर व स्पेअर पार्टवाले भेटतात, आणि त्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे आम्हाला वाटले.

बाहेरच्या बनावटीच्या, म्हणजे ज्याला आपण 'लोकल' म्हणतो त्या सायलेन्सरला गिऱ्हाईक का येते हे उघड आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, इंडिकाचे २०१८ साली, ओम्नीचे २०१९ साली. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत. कंपनीचा सायलेन्सर महाग पडतो, कधी हाताशी मिळत नाही. मग बाहेरचा घेतला जातो. त्यात गैर काही नाही. बाहेरचा माल सगळाच वाईट असतो असे आम्ही मानत नाही. मात्र तो एकाच नावाच्या तीन-चार प्रकारच्या गाड्यांना चालावा अशा हिशेबाने पुष्कळदा बनवलेला असतो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

सायलेन्सर कुजतो कसा हे आधी समजून घेतले तर पुढची बरीच गुंतागुंत सुटते. १ लिटर पेट्रोल जळाले की जवळपास १ लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. लांबच्या प्रवासात पाइप तापतो व ही वाफ निघून जाते. पण सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचा मागचा डबा पुरता तापतच नाही. पाणी डब्यात साचते आणि पत्रा आतून खातो. याचसाठी काही डब्यांच्या तळाला बारीक भोक ठेवलेले असते. गिऱ्हाईक त्यातून थेंब पडताना पाहून 'उस्ताद, नवा सायलेन्सर गळतोय' म्हणून परत येते, आणि शिकाऊ पोरगा ते भोक वेल्डिंगने बुजवून टाकतो. हे भोक मुद्दाम ठेवलेले असते. ते बुजवू नये, गिऱ्हाइकाला समजावून सांगावे.

दुसरे कारण खास आपल्या भागाचे. गावोगावचे उंच गतिरोधक, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि पावसाळ्यात खाली चिकटून उन्हात विटेसारखी वाळणारी काळी माती. गाडी खालून घासते तेव्हा नुसता सायलेन्सर चेपत नाही; तो ज्या आकड्यांना टांगलेला असतो ते बॉडीचे आकडेही वाकतात. जुना सायलेन्सर त्या वाकलेल्या आकड्यांबरोबर हळूहळू स्वतःही वाकून बसलेला असतो. नवा मात्र सरळ असतो. तो बसत नाही म्हणून त्याला दोष दिला जातो. म्हणून नवा माल हातात घेण्याआधी गाडीखाली जाऊन बॉडीचे आकडे पाहावेत आणि डाव्या-उजव्या बाजूची तुलना करावी. वाकलेला आकडा जागेवर आणला की निम्म्या वेळा भांडण तिथेच मिटते.

आता मापाविषयी. याच सोलापुरात १९९२ साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कारखान्यातले कॅमशाफ्ट परदेशी मोटार कंपन्यांना जातात. तिथे मिलिमीटरचे बारीक भाग मोजून काम चालते. आमच्या गॅरेजमध्ये मात्र पाइपचे माप बोटाने घेतले जाते आणि मग 'दीड इंची द्या' असा निरोप दुकानात जातो. दीड इंची कुठली? सायलेन्सरची दीड इंची नळी बाहेरून मोजली तर ३८.१ मिलिमीटर भरते. पाण्याची दीड इंची जी.आय. नळी बाहेरून ४८.३ मिलिमीटर असते, कारण तिथे नाव आतल्या पोकळीवरून पडले आहे. एकाने आतून मोजले, दुसऱ्याने बाहेरून, तर नाव एकच आणि माल वेगळा. एक नळी दुसरीत सरकवायची असेल तर एकीचे आतले माप दुसरीच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित मोठे पाहिजे. व्हर्नियर कॅलिपर गॅरेजमध्ये असावाच, आणि माप मिलिमीटरमध्ये, आतले की बाहेरचे हे लिहून, दुकानात पाठवावे.

गाडीचे नुसते नाव सांगून माल मागवणे हाही असाच घोटाळा. स्विफ्ट म्हटले तर २००५ ची, २०११ ची, २०१८ ची की २०२४ ची? पेट्रोल की डिझेल? बी.एस. ४ की बी.एस. ६? देशभर बी.एस. ४ लागू झाले १ एप्रिल २०१७ ला व बी.एस. ६ लागू झाले १ एप्रिल २०२० ला. त्या त्या वेळी पाइपवरच्या वस्तू व सेन्सरच्या जागा बदलल्या. म्हणून आर.सी. वरून बनावटीचा महिना, साल, इंधन व चेसिस नंबर उतरवून घ्यावा आणि तो कागद दुकानदाराला द्यावा. दुकानदारांनीही हा कागद मागून घ्यावा. उद्या वाद झालाच तर कोणाचे चुकले हे त्या चिठ्ठीवरून कळते.

माल आला की जुना आणि नवा सायलेन्सर जमिनीवर शेजारी शेजारी ठेवावे. एकूण लांबी, फ्लेंजची भोके किती व कोणत्या कोनात, टांगण्याच्या सळया कुठे, वाक कोणत्या बाजूला, सेन्सरचे बूच आहे की नाही, हे पाच मिनिटांत दिसते. यासाठी जुना सायलेन्सर शाबूत हवा. घाईने काढताना तो तीन तुकडे करून भंगारात टाकला की नमुनाच हातचा गेला. काम संपून गिऱ्हाईक गाडी घेऊन जाईपर्यंत जुना माल भंगारवाल्याला देऊ नये. शिवाय जुनी नळी कापणे भागच असेल तर ती हवी त्यापेक्षा चार बोटे लांब ठेवून कापावी. लांब राहिलेली नळी नंतर आणखी कापता येते. आखूड झाली की जोड द्यावा लागतो.

बसवण्याचा क्रम हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे, त्यामुळे थोडे थांबून सांगतो. पुष्कळ ठिकाणी पुढची फ्लेंज लावली की ती लगेच करकचून आवळतात, मग मधला जोड आवळतात, आणि शेवटी मागचा डबा बंपरला घासू लागला की पाइप तरफेने ओढतात किंवा कापतात. मागावर ताणा तिरपा लागला तर पुढे कितीही हात मारा, कापड तिरपेच उतरते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. इथेही तसेच आहे. पुढे अर्धा अंश फिरलेली फ्लेंज मागे तीन मीटरवर अडीच सेंटीमीटरचा फरक दाखवते. म्हणून आधी सर्व रबरांवर संपूर्ण लाइन सैल टांगावी. सर्व नट हाताने, दोन-तीन आटे धरतील इतकेच लावावेत. यू क्लॅम्प सैल ठेवावेत. मग मागच्या डब्यापासून सुरुवात करून पाइप फिरवत, पुढेमागे सरकवत, सगळीकडे सारखी जागा सुटेल असे जुळवावे आणि मगच पुढून मागे क्रमाने आवळत जावे. असे केल्यावर 'चुकीचा माल' कितीतरी वेळा बरोबर निघतो.

रबर नवीन घालावे. जुने रबर ताणून लांब झालेले असते, त्यावर नवा डबा एका बाजूला लटकतो. रबर चढवताना साबणाचे पाणी लावावे. ऑइल किंवा ग्रीस लावले तर रबर फुगून लवकर फाटते.

जागा किती सोडावी? लोखंड तापले की वाढते. तीन मीटरची लाइन सरासरी अडीचशे अंशांनी तापली तर ती सुमारे ९ मिलिमीटर लांब होते. त्याशिवाय आडवे बसवलेले इंजिन गिअर टाकताना व रेस देताना डुलते. त्यामुळे बॉडी, बंपर, ब्रेकची नळी, पेट्रोलची टाकी यांपासून दोन-अडीच सेंटीमीटर मोकळी जागा ठेवावी. टाकीजवळ कंपनीचा उष्णतारोधक पत्रा असेल तर तो काढून फेकू नये. दुसरी खबरदारी अशी की, गाडी जॅकवर उचललेली असताना मागची चाके खाली लोंबतात. त्या स्थितीत ॲक्सल आणि पाइप यांत हातभर जागा दिसते; गाडी खाली उतरवून मागे तीन माणसे बसवली की तीच जागा दोन बोटांवर येते. शेवटची तपासणी चाके जमिनीवर असताना आणि माणसे बसवूनच करावी. आपल्याकडची गाडी कधी रिकामी धावत नाही.

सगळे जुळवूनही खटखट आवाज येत असेल तर इंजिनचे माउंटिंग पाहा. ते बसले की इंजिन जास्त डुलते आणि सायलेन्सर आपटतो. काही गाड्यांत पुढच्या जोडाला स्प्रिंगचे बोल्ट आणि मध्ये गोल रिंगची गॅस्केट असते. हा जोड हलण्यासाठीच केलेला आहे. स्प्रिंग हरवली म्हणून वॉशर घालून तो घट्ट आवळणे म्हणजे महिनाभरात पाइपला चीर पाडण्याची सोय. जाळीच्या लवचीक तुकड्याचेही तसेच. तो वाकडा ताणून बसवला तर टिकत नाही.

एवढे करूनही माप खरोखरच जुळत नसेल तर दोन प्रश्न विचारावेत. फरक दोन-चार मिलिमीटरचा आहे की दोन-चार सेंटीमीटरचा? पहिला असेल तर भोक कानसीने लांबट करून किंवा आकडा किंचित वाकवून निभते. दुसरा असेल तर माल चुकीचा आहे; तो न कापता, डाग न पाडता परत करावा. कापायचेच ठरले तर गिऱ्हाईक व दुकानदार या दोघांना आधी सांगून, त्यांचा होकार घेऊन कापावे.

वेल्डिंगविषयी दोन शब्द. सायलेन्सरचा पत्रा व नळी दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते. आर्कच्या जाड कांडीने भोक पडते. मिग किंवा गॅस बरा. ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या नळीचा मुलामा जोडाजवळ घासून काढावा व नंतर उष्णता सोसणारा रंग लावावा, नाहीतर तिथूनच गंज धरतो. तुकडा कमी पडला म्हणून पाण्याची जी.आय. नळी जोडणारे आहेत. त्यावरच्या जस्ताचा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. गिऱ्हाइकाचे शंभर रुपये वाचवण्यासाठी कारागिराने आपले फुप्फुस का द्यावे? नव्या गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढावी, अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा, आणि सी.एन.जी. किंवा पेट्रोलच्या टाकीजवळचा जोड असेल तर पाइप उतरवून बाहेर नेऊनच जोडावा.

ऑक्सिजन सेन्सर ही नव्या गाड्यांमधली नाजूक वस्तू. तो काढताना पान्याने तार पिळली जाते, किंवा नव्या पाइपवर त्याचे बूच दुसऱ्या अंगाला असल्याने तार पुरत नाही व ताणून लावली जाते. तार पुरत नसेल तर तो पाइप त्या गाडीचा नाही, असेच समजावे. जोडाला साधे सिलिकॉनचे पेस्ट फासणेही टाळावे. त्याची वाफ सेन्सर खराब करते. मग इंजिनचा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक स्कॅनरवाल्याकडे धावते.

याच पाइपवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, म्हणून भंगारात त्याला भाव येतो. 'सायलेन्सर बदलतोच आहोत तर हा काढून सरळ पाइप टाकू, गाडी पळेल' असे सांगून तो परस्पर विकणारे आहेत. गिऱ्हाइकाला न सांगता असे करणे ही उघड चोरी, आणि त्याच्या सांगण्यावरून केले तरी गाडी पी.यू.सी. ला अडकते. कन्व्हर्टर चोंदला असेल तर त्या जागी कन्व्हर्टरच घालावा.

कायदा थोडक्यात असा. आवाज कमी करणारा सायलेन्सर गाडीला असलाच पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० सांगतो. त्याच प्रकारचा, तितकाच आवाज दाबणारा बाहेरचा सायलेन्सर बसवणे ही दुरुस्ती झाली. आवाज मोठा व्हावा म्हणून डबा पोकळ करणे ही दुरुस्ती नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज व धुराची मर्यादा मोडणाऱ्या गाडीसाठी पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि तीन महिने लायसन्स बंद अशी तरतूद आहे. परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक फेरबदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले दुचाकींचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिलीच असतील. पोरे हौसेने पैसे देतात. पकडले गेल्यावर गॅरेजचे नाव सांगून मोकळी होतात.

पण आमच्या मते दंडापेक्षा गळती जास्त भीतीची. सायलेन्सरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. मागच्या टोकाला बाहेर पडला तर तो हवेत विरतो. पण पुढचा किंवा मधला जोड गळत असेल तर तो बसण्याच्या जागेखाली साचतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची दुपार असते. पंढरपूर, तुळजापूर, गुलबर्ग्याच्या वाटेवर गाडी सावलीला लावून, काचा बंद करून, ए.सी. चालू ठेवून माणसे झोपतात. डोके दुखते, मळमळते, माणूस ऊन लागले समजतो आणि पुन्हा उठत नाही. म्हणून गाडी देण्याआधी गळतीची तपासणी चुकवू नये. इंजिन थंड असताना चालू करावे, मागचे तोंड जाड ओल्या फडक्याने काही क्षण अर्धवट दाबावे आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे दिसले किंवा फुसफुस ऐकू आली की तो जोड सोडून गॅस्केट बदलावी. जुन्या गॅस्केटवर नवी ठेवणे, ही युक्ती नव्हे.

राहिला पैशाचा भाग. गंजलेला स्टड तुटण्याची शक्यता गाडी आत घेतानाच सांगावी, कारण मॅनिफोल्डमधला तुटलेला स्टड काढण्याची मजुरी कधी सायलेन्सर बसवण्यापेक्षा जास्त होते आणि ती मागून सांगितली की गिऱ्हाइकाला फसवल्यासारखे वाटते. बिलावर मालाची किंमत व मजुरी वेगळी लिहावी. सायलेन्सर कोणत्या दुकानाचा, गिऱ्हाइकाने स्वतः आणला की गॅरेजने, रबर व गॅस्केट नवीन घातले की नाही, आणि काही कापले असेल तर कोणाच्या होकाराने, हेही दोन ओळींत लिहावे. गॅरेजची मजुरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली 'सेवा' म्हणूनच मोजली जाते; जिल्हा ग्राहक आयोगासमोर जायची वेळ आली तर तोंडी शब्दापेक्षा ही चिठ्ठी उपयोगी पडते. दुकानदारांनी आपल्या पावतीवर परतीची मुदत आणि 'न कापलेला, न वापरलेला माल परत घेऊ' ही अट छापून घ्यावी. आणि तिथेच गॅरेजवाल्याने एक ओळ वाढवावी: शंभर किलोमीटर चालल्यावर गाडी परत आणा, नट पुन्हा आवळून देऊ, त्याचे पैसे नाहीत. नवी लाइन एकदोनदा तापून थंड झाली की नट सैल पडतातच, आणि ते दहा मिनिटांचे काम आहे.